तीन नॉबांची पट्टी

"काका, आता मध्ये बोलायचं नाही हं. डोळे झाकलेत मी," असं म्हणून सन्मतीनं ओढणी डोळ्यांवरून दोनदा गुंडाळली आणि मी केलेल्या विमानासमोर ताठ बसली.

विमान म्हणजे काय, तर मगदुमांच्या वरच्या मजल्यावरच्या खोलीत प्लायवुडचा एक सांगाडा, त्यावर तीन मॉनिटर आणि त्यांच्या खाली माझं पॅनेल. पण ते पॅनेल! माझं मीच सांगतो, कारण सांगायला दुसरं कोण येणार? खऱ्या विमानातून रातोरात उचकटून आणलंय, असंच कुणीही म्हटलं असतं. स्क्रूच्या खाचासुद्धा मी फोटोत होत्या तशाच वळवून बसवल्या होत्या.

"फ्लॅप," तिचे वडील शीतलअण्णा हातातल्या कागदावरून वाचायला लागले. तिचा हात न अडखळता फ्लॅपच्या दांडीवर गेला. "लँडिंग लाइट." टक. "मास्टर स्विच." टक. "कार्ब हीट." हात उजवीकडं सरकला, खालच्या पट्टीवरचा शेवटचा नॉब धरला आणि मागं ओढला.

"एक बी चुकली न्हाई बघा, मुकुंदराव," अण्णा म्हणाले. बेदाण्याच्या सौद्यात भल्याभल्यांना पाणी पाजणारा हा माणूस, पोरीच्या त्या आंधळ्या कोशिंबिरीपुढं त्याचे डोळे भरून आले होते. "तिकडं इमानाच्या शाळेत आसंच आसतंय म्हणं. डोळं बांधून सगळं हाताला लागायला पायजे."

मी मान डोलावली. माझी बायको शालन शेजारीच उभी होती. तिनं वळून माझ्याकडं पाहिलं. मी तिच्याकडं न पाहता मॉनिटरची वायर उगीचच नीट करत बसलो.

ह्या गोष्टीला बारा वर्षं झाली. तेव्हा माझं वर्कशॉप सांगलीत माधवनगर रस्त्याला होतं. दारावरच्या पाट्या, कबड्डीच्या ट्रॉफ्या, कारखान्यातल्या यंत्रांवर लावायच्या अक्षरांच्या पट्ट्या, असलं कोरीव काम मी वीस वर्षं केलं. मग पुण्याच्या एका निवृत्त बँक मॅनेजरनं एक फोटो पाठवला आणि विचारलं, "असं करून द्याल का?" घरात बसून कॉम्प्युटरवर विमान उडवणारी मोठी माणसं जगात असतात, हे मला तेव्हा कळलं. त्यांना खेळणं नको असतं, हुबेहूब हवं असतं. आणि हुबेहूब हा शब्द ऐकला की माझ्या अंगात यायचं.

माझी एक खासियत होती. अक्षरं मी ॲक्रिलिकच्या पुढच्या बाजूनं कोरत नसे. पाटीवाल्याची पद्धत, मागून उलटी कोरायची, शालननं मागूनच बारीक ब्रशनं रंग भरायचा. पुढून पाहिलं की अक्षर सुलटं, आणि बोटांनी घासून जन्मात जात नाही. आधी शीट पुढची बाजू वर ठेवून भोकं पाडायची, मग पालथी घालून अक्षरं. वीस वर्षांत हा क्रम चुकला नव्हता.

मगदुमांच्या कामात चुकला.

त्या विमानात पॅनेलच्या खालच्या बाजूला तीन नॉबांची एक पट्टी असते. डावीकडं कार्ब हीट, म्हणजे इंजिनाच्या नळीत बर्फ धरू नये म्हणून गरम हवा सोडणारा नॉब. मध्ये थ्रॉटल, इंजिनाचा जोर कमी-जास्त करणारा. उजवीकडं लाल रंगाचा मिक्स्चर, इंजिनाला जाणारं पेट्रोल त्याच्या ताब्यात. पूर्ण ओढला की इंजिन बंद. लाल नॉबाचं भोक मोठं असतं, बाकीची लहान. त्या दिवशी मी फोनवर बोलत होतो आणि शीट आधीच पालथी होती. भोकं पाडून झाली, सरळ करून बघतो तर मोठं भोक डावीकडं.

"पालथीच वापरा की," शालन म्हणाली.

"अगं, वरची बाजू खरखरीत आहे, खालची चकचकीत. चकाकेल ती लाइटखाली."

"मग मोठ्या भोकाला वॉशर लावा आणि बारकं वाढवा."

"वॉशर? माझ्या कामाला? उद्या सगळं मगदूम खानदान बघायला जमणार आहे."

तसली, मागं राखाडी थर असलेली पारदर्शक शीट संपली होती, मुंबईहून यायला बारा दिवस लागणार होते आणि अण्णांनी दुसऱ्या दिवसाचा मुहूर्त धरला होता. अक्षरं अजून कोरायची होती. तेव्हा मी माझं डोकं चालवलं. भोकं उलटी, तर अक्षरंही त्याच हिशेबानं कोरू. लाल नॉब डावीकडं बसवला, वर मिक्स्चर लिहिलं. कार्ब हीट उजवीकडं. वायरी ज्याच्या त्याला. जो नॉब ओढाल तो सांगितलेलं काम चोख करणार. दिसायला तर पट्टी अशी देखणी झाली की मी तिचा फोटो काढून ठेवला.

"पण खऱ्यात तिकडचं तिकडं हाय न्हवं?" शालननं विचारलं.

"घरातलं विमान आहे ते, शालन. पडलं तर फार तर कॉम्प्युटर बंद पडेल."

नवी शीट आली की पट्टी बदलून द्यायची, असं मी मनाशी ठरवलं होतं. शीट आली. तोवर तिसऱ्याच कामात गुंतलो. आणि आता खरं सांगायला बसलोच आहे तर हेही सांगतो: बदलायला गेलं की का बदलतोय ते सांगावं लागलं असतं.

सन्मती त्या पट्टीपुढं चार महिने बसली. विमानशाळेत जागा मिळायला तेवढा वेळ होता. बारावी झालेली, किडकिडीत, भुवया जुळलेल्या, हसली की एकदम लहान दिसणारी पोर. रोज दोन तास डोळे बांधून हात बसवायची. "काका, माझे हात आता आपोआप जातात," असं मला फोनवर सांगायची. मला कौतुक वाटायचं. हो, कौतुकच. आज ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटतं.

जानेवारीत ती शाळेत गेली. फेब्रुवारीच्या शेवटी एका सकाळी पेपर उघडला आणि दुसऱ्या पानावर फोटो दिसला. शाळूच्या रानात नाक खुपसून पडलेलं पांढरं विमान. शिकाऊ वैमानिक तरुणी आणि प्रशिक्षक जखमी. खाली नाव, सन्मती शीतल मगदूम.  शालननं अण्णांना फोन लावला. जिवंत आहे, गळ्याजवळचं हाड मोडलंय, मिरजेला आणलंय. आम्ही दोघांनी देवापुढं दिवा लावला. त्यापलीकडं माझ्या मनात काहीही आलं नव्हतं, हे कुणाला पटणार नाही, पण तसंच होतं.

चौथ्या दिवशी दुपारी अण्णा वर्कशॉपमध्ये आले. दाढी वाढलेली, पायांत दोन वेगवेगळ्या चपला. स्टुलावर बसले.

"पोरगी कशी आहे?" मी विचारलं.

"हाड जुळंल. पोरगी न्हाई जुळत." त्यांनी पंच्यानं तोंड पुसलं. "तिच्या सरांची पाठ मोडलीया. कॅप्टन दातार. एकवीस वर्सं इमान शिकवलं त्या माणसानं. डॉक्टर म्हणले, चालंल, पण पुन्हा इमानात बसायचं न्हाई."

"पण झालं काय? इंजिन बिघडलं?"

"इंजिन झकास हुतं. तिनंच बंद केलं." अण्णा माझ्याकडं नाही, जमिनीकडं बघत होते. "चौकशीला लिहून दिलंय तिनं. उतरायला आलं हुतं, समोरनं बगळ्यांचा थवा उठला. ती बाहेर बघत हुती. सर म्हणले, हीट. हिनं न बघता हात घातला आन् भलताच नॉब ओढला. लाल. पेट्रोलचा."

मला माझाच आवाज लांबून ऐकू आला. "कुठल्या बाजूचा?"

"उजवीकडचा, शेवटचा. का वो?"

  मी मशीनचा कठडा धरला. मागं शालन रंग भरता भरता थांबली होती. तिच्या ब्रशवरचा पांढरा थेंब एका माणसाच्या नावाच्या पाटीवर पडला आणि तिनं तो पुसला नाही.

"लिवलंय तिनं," अण्णा सांगत होते, "का ओढला ते सांगता येत न्हाई. माझ्या हातालाच खोट हाय म्हणती. मी इमानाचं नाव काढणार न्हाई म्हणती. मुकुंदराव, तुमी तेवढं ते पॅनेल काढून न्या. त्या खोलीत ती पाऊल टाकीना झालीया. तुमी येवढं जीव लावून केलंतसा, वाईट वाटून घिऊ नका."

मला वाईट वाटू नये म्हणून तो माणूस माझी समजूत घालत होता!

ते गेले. शालननं ब्रश पाण्यात बुडवला. "सांगितलं का न्हाई?"

"काय सांगू?"

"जे झालंय ते."

"शालन, आपल्या दोघांशिवाय हे कुणालाही माहीत नाही. पॅनेल घरी आणतो, पट्टी मोडून टाकतो. तिनं लिहून दिलंय, सगळं मिटलंय. आता आपण उकरून काढायचं, म्हणजे हात दाखवून अवलक्षण."

"मिटलंय?" ती कधी माझ्यावर ओरडली नव्हती, तेव्हाही ओरडली नाही. "एकोणीस वर्साची पोर सोताच्या हाताकडं बघून रडतीया. तिचा हात तुमी सांगितलं तिथंच गेलाय. तुमाला घास उतरंल का वो?"

उतरला नाही. दुसऱ्या दिवशी चारला, भेटायच्या वेळेला, मी मिरजेच्या दवाखान्यात गेलो.

सन्मती दुसऱ्या मजल्यावर, दातार सरांच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसली होती. गळ्यात पट्टा, डावा हात झोळीत. खोलीचं दार अर्धं उघडं होतं. तिला दोन दिवसांपूर्वीच घरी सोडलं होतं, तरी ती रोज परत येऊन तिथं बसत होती. आत जायचा धीर होत नव्हता.

"काका, तुम्ही?" तिनं हसायचा प्रयत्न केला. "सर झोपलेत बहुतेक. मी रोज येते आणि जाते."

"सन्मती, मला एक सांगायचंय."

"पॅनेलचं ना? अण्णा बोलले. राग नका मानू. मी बी. कॉम.ला नाव घालतेय. मला नाही जमणार ते, माझा हातच..."

"तुझा हात चुकला नाही," मी म्हणालो. एका दमात म्हणालो, नाहीतर म्हणता आलं नसतं. "माझी पट्टी चुकली. भोकं उलटी पडली होती. मी नॉब अदलाबदल करून बसवले. घरी तू जो हीटचा म्हणून ओढायचीस, तिथं खऱ्या विमानात लाल असतो."

 दवाखान्यातल्या भांड्यांचा आवाज येत होता, कुणीतरी कुणालातरी हाका मारत होतं.

"ते मला पहिल्याच दिवशी दिसलं होतं," ती सावकाश म्हणाली. "शाळेत विमानात बसले तेव्हा. नॉब इकडचे तिकडं आहेत. मला वाटलं, शाळेचं विमान जुनं आहे, म्हणून असं असेल. मी बघून बघून ओढायची. तुमचं चुकलं असेल असं... काका, ते माझ्या मनातच आलं नाही."

 तिनं मला शिव्या दिल्या असत्या तर मी उभा राहू शकलो असतो. त्या वाक्यानं मी भिंतीला टेकलो.

मग तिचा चेहरा हळूहळू बदलला. "म्हणजे तुम्हाला माहीत होतं. मी ओढणी बांधून दाखवलं, तेव्हा तुम्ही तिथंच होता."

"हो."

"तुम्ही मान डोलावलीत."

"हो."

"का?" ती उठून उभी राहिली. आवाज चढला आणि फाटला. "एक शब्द बोलायचा होता की हो! उलटं आहे, एवढं लक्षात ठेव, एवढंच! सर आत पडलेत. मी चार दिवस झोपले नाही. मला वाटलं मी वेडी झालेय!"

"बाहेर कोण आहे?" आतून आवाज आला. दुखण्यानं दबलेला, पण हुकूम देण्याची सवय असलेला. "आत या. दोघंही."

कॅप्टन दातार पाठीवर सपाट पडले होते. मान हलवता येत नव्हती, त्यामुळं ते छताकडं बघूनच बोलत होते. पन्नाशीचा माणूस, कानावर पांढरे केस, हाताला सलाइन. सन्मती दाराशीच थांबली. मी पलंगाच्या पायथ्याशी उभा राहून पुन्हा सगळं सांगितलं. ह्या वेळी फोटो, वॉशर, मुहूर्त, काहीच गाळलं नाही. शेवटी हात जोडले. "साहेब, तुमची पाठ माझ्यामुळं गेली. चौकशीवाल्यांना मी लिहून देतो. म्हणाल ती शिक्षा..."

"ती पट्टी एकच केलीत?" त्यांनी माझं बोलणं तोडलं.

"अं?"

"त्या मापाची. त्या क्रमाची. आणखी किती जणांना दिलीत?"

खरं सांगतो, तोवर हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता. माझं सगळं लक्ष माझ्या पापावर होतं. पट्टी देखणी उतरली म्हणून मी कॉम्प्युटरमधलं चित्रच त्या क्रमानं दुरुस्त करून ठेवलं होतं. पुढची सगळी कामं त्याच चित्रावरून केली. सवयीनं. नाशिकच्या एकानं लिहिलंही होतं, नॉबांचा क्रम वेगळा दिसतो. त्याला मी उत्तर दिलं होतं: काही मॉडेलमध्ये असं असतं.

"अकरा," मी म्हणालो. 

"त्यात खरं विमान शिकणारे किती?"

"माहीत नाही. मी कधी विचारलं नाही."

दातार छताकडंच बघत होते. "मग माझ्यापुढं हात जोडून काय उभे आहात?" ते म्हणाले. "फोन करा."

नंबर सगळे मोबाइलमध्ये होते. मी तिथंच, खिडकीशी उभा राहून पहिला लावला. पुण्याचे बँक मॅनेजर, त्यांनी मध्यंतरी माझ्याकडून दुसरं पॅनेल करून घेतलं होतं. मी म्हणालो, "नमस्कार साहेब, पांचाळ बोलतोय. काही नाही, त्या खालच्या पट्टीत किरकोळ फरक राहिलाय, सवडीनं बदलून देतो..." ते हसले, म्हणाले, राहू द्या हो, मी कुठं खरं उडवतोय. मी फोन ठेवला आणि दुसरा लावला. "किरकोळ फरक..." पुन्हा माझ्या तोंडून तेच निघालं. इतकं होऊनही!

"किरकोळ?"

सन्मती दारातून आत आली होती. तिनं चांगल्या हातानं माझ्या हातातला फोन काढून घेतला. "नावं सांगा," ती म्हणाली. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

पलंगाशेजारच्या स्टुलावर बसून तिनं एकेक नंबर लावला. प्रत्येकाला पहिला प्रश्न एकच: तुम्ही किंवा घरातलं कुणी खरं विमान शिकता का? नाशिक, नाही. कोल्हापूर, नाही. बंगळूरच्या माणसाशी ती इंग्रजीत बोलली, तोही हौशी. प्रत्येक "नाही"ला मी श्वास सोडत होतो. दातार डोळे मिटून ऐकत होते.

सातवा नंबर वर्ध्याच्या एका दंतवैद्य बाईंचा होता. फोनचा आवाज मोठा होता, आम्हा तिघांनाही ऐकू येत होतं.

"हो, शिकते ना," बाई उत्साहानं म्हणाल्या. "खूप वर्षांची इच्छा होती माझी. उद्या सकाळी साडेसातला चौथं उड्डाण आहे. का हो?"

दातारांचे डोळे उघडले.  सन्मतीचा आवाज मात्र हलला नाही.

"मॅडम, घरच्या पॅनेलवर लाल नॉब डावीकडं आहे. शाळेच्या विमानात कुठं आहे?"

"उजवीकडं. आलं होतं माझ्या लक्षात. म्हटलं, यांचं विमान जुनं असेल. काही बिघडतं का त्यानं? मी बघूनच ओढते."

"बघूनच ओढता. मीही बघूनच ओढत होते," सन्मती म्हणाली. "उद्या उडू नका. तुमच्या सरांना आत्ता फोन करून सांगा, घरी चुकीची सवय लागलीय, ती मोडेपर्यंत जमिनीवर बसवा मला."

 मग बाईंचा आवाज बदलला, थोडा ताठ झाला. एका अनोळखी पोरीच्या सांगण्यावरून कोण आपलं उड्डाण रद्द करणार? "ते ठीक आहे, पण तुम्ही कोण बोलताय? पांचाळांच्या ऑफिसातून का?"

 सन्मतीनं झोळीतल्या हाताकडं पाहिलं, मग पलंगाकडं. दातारांना मान वळवता येत नव्हती. त्यांनी फक्त सलाइनचा हात चादरीवरून थोडा उचलला आणि पुढं चल, अशी बोटं हलवली.

"नाही," ती म्हणाली. "मी पायलट आहे. सन्मती मगदूम. कागद घ्या, माझ्या हातून काय झालं ते सांगते, लिहून घ्या."

आणि तिनं बगळ्यांपासून सांगायला सुरुवात केली. यादीत अजून चार नंबर होते.